एकदा नोएडाला जायचंय

शिरसाठ काकांकडे होते इतके चांगले हेतू मी दुसऱ्या कुणाकडे पाहिले नाहीत. आणि त्यांनी ते जपलेही फार. वापरून खराब होऊ दिले नाहीत.

काका जाऊन आता वर्ष होईल. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते तळमजल्यावर आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी दिल्लीत आलेला हा माणूस तीस वर्षं एका मंत्रालयात बसून पत्रांचे मसुदे करत होता. स्वतः निवृत्त झाले तरी क्वार्टर काकूंच्या नावावर होतं. काकू सरकारी दवाखान्यात नर्स. म्हणून काकांचं बस्तान हललं नाही, आणि आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं सेक्रेटरीपदही हललं नाही. आमची मंडळी म्हणजे पंचवीस-तीस कुटुंबं. दर रविवारी दुपारी एका हिंदी चर्चचा हॉल मागून घ्यायचा आणि उपासना करायची. त्या हॉलच्या पहिल्या रांगेत उजव्या कोपऱ्यात काका. उंच, किडकिडीत, ऑक्टोबर ते मार्च बिनबाह्यांचा स्वेटर, आणि मांडीवर काळ्या रेक्झिनची डायरी.

त्या डायरीत सगळ्यांची दुःखं असायची. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं जमत नाही. काका एकेक ओळ सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायचे, खाली रेघ मारायचे आणि मान वर करून म्हणायचे, "बिल्कुल. मनात घेतलंय मी." एखादी गोष्ट त्यांनी मनात घेतली की ती तिथे अगदी सुरक्षित राहायची. कधी बाहेर पडायची नाही.

मी लग्न होऊन दिल्लीत आले त्याच वर्षी मला डेंग्यू झाला. काका दारात उभे राहून म्हणाले, "स्नेहल, पपईच्या पानांचा रस. त्याने प्लेटलेट्स वाढतात. आमच्या ऑफिसच्या आवारात झाड आहे. बिल्कुल घेऊन येतो." माझ्या प्लेटलेट्स उतरल्या, चढल्या, मी दवाखान्यातून घरी आले, नोएडातल्या ऑफिसात परत जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी काका पेपरात गुंडाळलेली पानं घेऊन हजर. मला ओट्याशी पोळ्या लाटताना पाहून त्यांचा चेहरा जरा पडलाच. "अरे, तू तर उभी आहेस!" मग त्यांनी डोळे मिटले आणि मला बरं करण्याची प्रार्थना सुरू केली. घरून ठरवूनच आले होते ना. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्याच दमात, आवाजही न बदलता, त्यांनी तिचा शेवट आभाराच्या प्रार्थनेत केला. हे कसब मात्र त्यांचंच. त्या तीन आठवड्यांत काकू रोज ड्युटी संपली की थेट माझ्याकडे यायच्या, ताप बघायच्या, खिचडी ठेवायच्या आणि जायच्या. त्यांच्याकडे डायरी नव्हती.

एका डिसेंबरात मंडळीने फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी चाळीस ब्लँकेट्स जमवली. कुणीतरी म्हणालं, आज रात्रीच वाटून टाकू. काकांना हा उतावळेपणा पटला नाही. खरा गरजू कोण हे आधी ठरवायला नको? त्यांनी फॉर्म केला. त्यात नाव, मूळ गाव, सध्याचा फुटपाथ असे रकाने होते. फॉर्मच्या मसुद्यावर दोन बैठका झाल्या. ब्लँकेट्स वाटायला आम्ही गेलो तेव्हा एप्रिल लागला होता आणि उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. लोकांनी बिचाऱ्यांनी घेतली. एका म्हाताऱ्याने आमच्यासमोरच ब्लँकेटची दोन टोकं रेलिंगला बांधली, दोन टोकांवर विटा ठेवल्या आणि सावलीत जाऊन बसला. काका भारावून बघत राहिले. परतताना मला म्हणाले, "बघ, देव काही वाया जाऊ देत नाही."

आजाऱ्यांना भेटायला जाण्यासाठी त्यांनी एक भेट समितीही स्थापन केली होती. या समितीची पहिली भेट ठरली साळवेबाईंकडे, त्यांचा पाय मोडला म्हणून. समिती पोचली तेव्हा साळवेबाईंनी स्वतः दार उघडलं, स्वतः चहा केला, आणि जिना चढून काकांचा गुडघा धरला होता म्हणून त्यावर मलमही स्वतःच चोळून दिलं. इतिवृत्तात 'भेट यशस्वी' अशी नोंद झाली. हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचे. काकांची नक्कल मला छान जमायची. "बिल्कुल, मनात घेतलंय मी" म्हटलं की आमची अख्खी टीम हसून लोळायची.

पण एक गोष्ट मी ऑफिसात कधी सांगितली नाही.

दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी फारसं येत नाही. घरात आई-बाप मराठीत विचारतात आणि मुलं हिंदीत उत्तर देतात. एका वार्षिक सभेत आमच्यातले भालेराव उभे राहिले आणि त्यांनी सुचवलं की महिन्यातली एक उपासना हिंदीत घ्यावी, निदान मुलं जागी राहतील. काकांना हे झोंबलं. दिवसभर ऑफिसात हिंदी नि इंग्रजी खरडणाऱ्या माणसाला रविवारचे दोन तास काय ते मराठी मिळायचं. त्याच दिवशी उपासनेत भालेरावांची मुलगी रिया, वय वर्षं बारा, प्रभूची प्रार्थना म्हणायला पुढे आली होती आणि दोन ओळींनंतर अडकली होती. काका उठले आणि म्हणाले, "ज्यांच्या घरातल्या मुलीला प्रभूची प्रार्थना दोन ओळींपलीकडे येत नाही, त्यांनी उपासना कशी करावी हे मंडळीला शिकवू नये."

मसुद्याशिवाय बोललेलं त्यांचं ते एकमेव वाक्य असावं.

काही लोक हसले. मीही हसले. रिया दुसऱ्या रांगेत बसली होती. ती उठून बाहेर गेली आणि स्कूटर लावलेल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली. भालेरावांनी आपलं बायबल उचललं, बायकोची पर्स उचलली आणि तेही गेले. पुन्हा कधी आले नाहीत. पंधरा दिवसांतच त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला असं कानावर आलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट रांगेतून सरकत काकांपर्यंत आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर धरलं आणि काही न घेता शेजाऱ्याकडे दिलं. प्यालेही तसेच पुढे गेले. उपासनेनंतर मी विचारलं तर म्हणाले, "शास्त्रात स्पष्ट आहे, स्नेहल. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. चूक माझी आहे. एकदा नोएडाला जायचंय."

आर. के. पुरमहून मेट्रोत बसलं की मधे गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. मी रोज जाते. पाऊण तास. काकांना तिथे जायला नऊ वर्षं लागली.

नऊ वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट त्यांच्यापर्यंत यायचं आणि तसंच पुढे जायचं. मंडळीत त्यांचा मान मात्र वाढला. केवढी कोवळी सदसद्विवेकबुद्धी! पास्टरांनी दोनदा प्रवचनात, नाव न घेता पण पहिल्या रांगेच्या उजव्या कोपऱ्याकडे बघून, त्यांचा दाखला दिला. उपाशी राहिल्याबद्दल कौतुक व्हायला लागलं की जेवायची घाई कुणाला राहते? असं मी तेव्हा म्हणायचे. पण मी त्यांच्या शेजारी बसायचे आणि मला दिसायचं. त्या दिवशी गाण्यात त्यांचा आवाज नसायचा. ताट पुढे दिल्यावर ते हात मांडीवर पालथे ठेवायचे आणि नखांकडे बघत बसायचे. त्यांना ते फार लागायचं. खरंच लागायचं. फक्त उठून जाणं तेवढं होत नव्हतं.

तयारी मात्र जोरात होती. त्यांनी माफीचा मसुदा केला. 'वार्षिक सभेतील उपरोक्त प्रसंगाच्या अनुषंगाने मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करू इच्छितो' अशी सुरुवात. तो अभिप्रायासाठी काकूंकडे गेला. काकूंनी समासात लिहिलं, 'जाऊन या.' काकांनी ही तत्त्वतः मंजुरी समजून दुसरा मसुदा करायला घेतला. दर नाताळला ते भालेरावांसाठी प्लम केक आणायचे, चांगला एक किलोचा, लाल कागदातला. या आठवड्यात थंडी फार, पुढच्या आठवड्यात धुकं, मग पाहुणे. जानेवारीत काकू तो वर आमच्याकडे पाठवून द्यायच्या. नऊ वर्षं आम्ही भालेरावांचा केक खाल्ला. रोज नोएडाला जाणाऱ्या मला एकदाही वाटलं नाही की म्हणावं, द्या काका, मी पोचवते. केक चांगला असायचा.

मागच्या वर्षी मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर कळलं की रियाला पुण्यात नोकरी लागली आहे, भालेरावांनी लवकर निवृत्ती घेतली आहे आणि गुरुवारी त्यांचा ट्रक निघतो आहे. ती बुधवारची सकाळ होती. मी ऑफिसला निघता निघता खाली काकांना सांगितलं.

"बिल्कुल जायचं!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "या रविवारी मंडळीत प्रार्थनेला ठेवू, आणि मग..."

"काका, ट्रक उद्या आहे."

"उद्या?" ते परत बसले. "मग असं करू, पुण्यालाच जाऊ. त्या निमित्ताने नगरही होईल."

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही पुण्याला जाणार? नऊ वर्षांत तुमच्याच्याने नोएडा झालं नाही! आता नाही गेलात तर ते ताट मरेपर्यंत तसंच पुढे देत बसा."

असं मी कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. काकू युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली, आत गेल्या, काकांचे बूट आणून त्यांच्या पायांपुढे ठेवले आणि पुन्हा इस्त्री करायला लागल्या.

"आत्ता?" काकांनी विचारलं.

"आत्ता," काकू म्हणाल्या.

मेट्रोत त्यांनी फाइल उघडून मसुदा वाचला. सातवा होता. 'इच्छितो'च्या जागी 'इच्छितो आहे' बरं वाटेल का, असं मला विचारलं. मधेच एका स्टेशनवर ते उठले, "रिकाम्या हाताने कसं जायचं, काहीतरी घेऊ." मी त्यांच्या स्वेटरला धरून ठेवलं, दारं बंद होईपर्यंत.

भालेरावांनी दार उघडलं. केस गेले होते. मागे सगळ्या घरभर खोकी. "अरे, शिरसाठ! या, या!" म्हणत त्यांनी काकांना मिठीच मारली. काकांनी चष्मा पुसला, फाइल उघडली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. दुसऱ्या वाक्यातच भालेरावांनी त्यांचा हात खाली केला.

"अहो, काय हे. मी ते त्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. आणि खोटं काय होतं त्यात? नव्हतंच घरात मराठी."

"मग परत आला का नाहीत?"

भालेरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ती येईना. तिला घरी ठेवून आम्ही कसं यायचं?"

आतून खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येत होता. काकांनी फाइल मिटली. सात मसुदे चुकीच्या पत्त्यावर लिहिले गेले होते. ते आत गेले. मी दारात थांबले.

रिया आता एकवीस वर्षांची होती. काकांना तिने लगेच ओळखलं. "नमस्ते अंकल," म्हणाली, आणि टेप लावत राहिली.

"रिया बेटा, मी त्या दिवशी..."

"हिंदी में बोलिए, अंकल. मराठी मैं नहीं बोलती."

काकांचा गुडघा वाकत नसे. तरी ते भिंतीला धरून तिच्यासमोर फरशीवर बसले. आणि मराठी उपासनेत हिंदीचा एक शब्दही नको म्हणणारा तो माणूस हिंदीत बोलायला लागला. "गलती मेरी थी, बेटा. तुम बारह साल की थीं और मैंने सबके सामने तुम्हारा मजाक बनाया. तुम बाहर स्कूटरों के पास खड़ी रो रही थीं. मैंने खिड़की से देखा था. मुझे उसी वक्त बाहर आना चाहिए था. उसी वक्त. नौ साल लगा दिए. माफ कर दो."

टेपचा आवाज थांबला. रिया म्हणाली, "पूरी आती थी मुझे. पूरा हफ्ता याद की थी. आप ठीक सामने खड़े थे, अंकल, इसलिए डर गई."

तिने टेपचं टोक नखाने सोडवलं. मग म्हणाली, "सोचूंगी, अंकल."

एरवी मला यात केवढी मजा आली असती. आयुष्यभर दुसऱ्यांना जे दिलं तेच त्यांना आज परत मिळालं होतं. पण मला हसू आलं नाही. काका म्हणाले, "बिल्कुल. आराम से सोचो." आणि त्यांनी तिच्या खोक्याची दोन पाखं हाताने दाबून धरली, म्हणजे तिला टेप लावता यावी. तिने लावली. मग दुसरं खोकं. मी ऑफिसला गेले. काका संध्याकाळपर्यंत तिथेच होते. दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, ट्रक भरायला ते पुन्हा एकटे गेले. काकांचा बटणांचा फोन कायम बंद करून टेबलाच्या खणात असायचा, म्हणून निघताना रियाने त्यांच्याकडून माझा नंबर घेतला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी सवयीने ताट काकांच्या मांडीवरून पलीकडे देत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि भाकरीचा तुकडा घेतला. नंतर मी विचारलं, "रियाने माफ केलं?" ते म्हणाले, "अजून नाही. जाऊन सांगणं माझं काम होतं, पुढचं तिचं." पण ते वाट बघत होते. रोज सकाळी मी जिना उतरायचे तेव्हा काका दारात उभे. माझ्या हातातल्या फोनकडे बघायचे आणि विचारायचे, "काही?" मी म्हणायचे, "नाही काका." मान हलवून आत जायचे. दीड महिना हेच चाललं होतं.

मेमध्ये एका मंगळवारी दुपारी ऑफिसात रियाचा मेसेज आला. 'आंटी, अंकल को बोल दीजिए मैंने माफ कर दिया. आज वो प्रार्थना मराठी में बोली. पूरी.'

मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. आणि मग माझ्या मनात एक फार सुंदर विचार आला. असं फोनवर किंवा जिन्यात कशाला सांगायचं? रविवारी सांगू. मंडळीसमोर, जे जे त्या दिवशी हसले होते त्या सगळ्यांसमोर मेसेज वाचून दाखवू. केक मागवू, लाल कागदातला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होईल. मी मंगळवारीच केकची ऑर्डर दिली.

बुधवारी काकांनी जिन्यात विचारलं, "काही?" मी हसू दाबून म्हटलं, "नाही काका." गुरुवारीही तेच. शुक्रवारीही.

गुरुवारी रियाने विचारलं होतं, 'बोल दिया?' रविवारी सांगणारच होते, तिला कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून मी लिहिलं, 'हां, बिल्कुल.'

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला काका दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकू घरात होत्या. वीस मिनिटं त्या त्यांच्या छातीवर दाब देत राहिल्या. मी वरून धावत आले तोवर त्यांनी हात थांबवले होते.

गुरुवारी माझ्या उत्तरानंतर रियाचा आणखी एक मेसेज आला होता. 'क्या बोले?' त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काका गेल्याचं तिला तिच्या वडिलांकडून कळलं. काका ऐकून गेले असं ती समजते आहे. काकूंना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या निवृत्तीला अजून काही महिने आहेत, त्या खालीच राहतात. मधे अठरा पायऱ्या आहेत.